परदेशी निघालेल्यांच्या फायली लावून देणाऱ्या नानांस

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

आम्ही यावल-चोपड्याकडची सेवानिवृत्त शिक्षक मंडळी. मुलं अमेरिका-कॅनडात, त्यामुळे सहा-सहा महिने तिकडे राहायला जाणारे आमच्यात आता बरेच. कोषागारातल्या नोकरीनंतर तुम्ही एक रुपया न घेता आमच्या फायली लावून देता, त्याबद्दल हे जाहीर आभार.

एजंट व्हिसापासून सुरुवात करतो, तुम्ही सातबाऱ्यापासून. तुमचंच बरोबर. व्हिसाचं काम एकदा झालं की झालं; घर, शेत आणि पेन्शन मात्र आपण इथे नसतानाही चालली पाहिजेत.

मुखत्यारपत्र निघण्याआधी इथेच करा, हा तुमचा पहिला आग्रह. तिकडून करायचं तर भारतीय वकिलातीत साक्षांकन, आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं. ‘सर्व अधिकार’ असा मोघम मजकूर तुम्ही कधीच चालू दिला नाही. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करणं, केळीचा पीक विमा, महावितरणचं बिल, असं एकेक काम लिहायचं आणि जमीन विकण्याचा अधिकार दिलेला नाही हेही स्पष्ट नमूद करायचं. हे वाक्य काही भाऊबंदांना टोचतं. टोचू द्यावं.

मग नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सोयीवर चेहरा दाखवून तो मोबाइलवर निघतो, पण उजेड समोरून हवा. पाठीमागे खिडकी असली की चेहरा ओळखला जात नाही. पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक किंवा पेन्शन देणारं कार्यालय चुकीचं निवडलं, तरी दाखला तयार होतो आणि नंतर नामंजूर होतो. म्हणून ‘दाखला निघाला’ यावर न थांबता ‘मंजूर’ दिसेपर्यंत पाहायचं. नाहीच जमलं तर वकिलातीतून कागदी दाखला घेता येतो.

मार्चअखेर निघा, सप्टेंबरात परता, हे तुमचं वेळापत्रक आम्हाला सर्वात पटलं. इथला मे चुकतो, तिकडची थंडी लागत नाही आणि दाखल्याला माणूस घरी असतो. अडचण एकच: खरिपाची ई-पीक पाहणी नेमकी याच काळात येते आणि फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. ते काम पुतण्याला किंवा वाटेकऱ्याला आधी शिकवून ठेवायचं. जुलैत आयकर विवरणपत्र भरताना आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो, म्हणून सिमचं रिचार्ज आणि रोमिंग निघण्यापूर्वीच.

व्हिसाबद्दल थोडक्यात. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहण्याची मुदत विमानतळावर ठरते, बहुधा सहा महिने. आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख उतरताच पाहून घ्यायची. मुदत वाढवून हवी तर ती तारीख उलटण्याआधी आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज. कॅनडाच्या सुपर व्हिसावर (तिथे राहणाऱ्यांच्या आईवडील-आजीआजोबांसाठीचा व्हिसा) एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण वैद्यकीय तपासणी आणि किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा लागतो.

विम्यात बीपी-शुगर म्हणजे ‘पूर्वीचे आजार’. पुष्कळ पॉलिसी अशा आजाराने अचानक उचल खाल्ली तरच पैसे देतात. नेहमीची तपासणी आणि गोळ्या खिशातून. म्हणून औषधं इथूनच न्यायची, मूळ पाकिटात, चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घेऊन. इन्सुलिन हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात ते गोठून वाया जाऊ शकतं.

पुढची तुकडी मार्चमध्ये निघते आहे. फायली घेऊन दिवाळीनंतर येतो.

आपले,
सेवानिवृत्त शिक्षक मंडळी

ता. क. मावशींना सांगा, बिबडे, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला नेता येतो, फक्त कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत असं लिहायचं. भरिताची वांगी आणि बियाणं नको. खोबऱ्याच्या वाट्याही नको. तेलामुळे त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून विमानात मनाई आहे. दुबईत उतरणार असाल तर खसखस अजिबात नको, तिथे तिच्यावर बंदी आहे.