मागचे स्पीकर केवळ सिनेमासाठी नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला होम थिएटरवरचा लेख वाचला. ‘संगीत ऐकायचे तर दोनच स्पीकर, मागचे स्पीकर सिनेमातल्या गोळीबारापुरते’ हे त्यातले मत मोझार्ट-बीथोव्हेनपुरते चालून जाईल. तिथे मागून येतो तो बहुतांशी सभागृहाचा घुमारा, आणि तो नसला तरी फारसे अडत नाही. पण १९५० नंतरच्या युरोपीय नवसंगीतात आवाज कोणत्या दिशेने यावा हे अनेकदा रचनेतच ठरलेले असते. जर्मन संगीतकार श्टोकहाउझेनच्या ‘ग्रुपेन’मध्ये तीन वाद्यवृंद श्रोत्यांच्या डावीकडे, समोर आणि उजवीकडे बसतात. ‘कोन्टाक्टे’साठी (१९५८-६०) त्याने फिरत्या टेबलावर स्पीकर ठेवला, भोवती चार माइक लावले आणि गोल फिरणारा आवाज चार ट्रॅकवर टिपला. ग्रीक-फ्रेंच संगीतकार झेनाकिसच्या ‘पर्सेफासा’त (१९६९) सहा तालवादक श्रोत्यांभोवती षट्कोनात उभे असतात, शेवटाकडे आघात एकाकडून दुसऱ्याकडे सरकत, वेग वाढवत प्रदक्षिणा घालतात. दोन स्पीकरवर ही प्रदक्षिणा म्हणजे नुसती डावी-उजवी.

खरी अडचण ही, की बसवून मिळणारे सेट सिनेमा गृहीत धरूनच लावलेले असतात. सोफा भिंतीला टेकलेला आणि मागचे स्पीकर त्याच भिंतीवर, छताखाली. नवसंगीताला हे चालत नाही. बारा फूट रुंद हॉलमध्ये बसेल अशी मापे देतो. खुर्ची मागच्या भिंतीपासून निदान चार फूट पुढे. पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून ६ फूट आणि कानापासूनही ६ फूट. सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, त्या दोघांच्या रेषेच्या साधारण १० इंच मागे, भिंतीच्या बाजूला, म्हणजे तोही कानापासून ६ फुटांवर येतो. मागचे दोन कानाच्या रेषेच्या २ फूट मागे आणि ५ फूट बाजूला. प्रमाणित मांडणीतला ११० अंशांचा कोन जवळपास साधतो. सगळे कानाच्या उंचीवर. मागचे स्पीकर यात अर्धा फूट जवळ पडतात, ते अंतर टेपने मोजून रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या, डिस्टन्स सेटिंगमध्ये भरा, म्हणजे तो जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा उशिरा सोडतो. ध्वनीला एक फूट कापायला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतात, आणि ज्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो तिकडेच कान दिशा धरतो. मग टेस्ट टोन लावून पाचही स्पीकरची पातळी जुळवा. मोबाइलवरचे मीटर पुरते, कारण आकडा अचूक असण्याची गरज नाही, पाचही ठिकाणी सारखा यावा इतकेच.

एवढे करूनही आवाज नीट फिरत नसेल तर मागच्या वायरी तपासा. डावी-उजवी उलट लागलेली असणे ही नेहमीची चूक, आणि सिनेमात ती वर्षानुवर्षे कळत नाही. ‘पर्सेफासा’त मात्र वर्तुळाचा डमरू होतो: आवाज पुढून उजवीकडे जातो आणि तिथून थेट डोक्यावरून मागे डावीकडे उडी मारतो. एखाद्या स्पीकरची प्लस-मायनस उलटली असेल तर त्या बाजूचा आवाज जागेवर ठरत नाही, खर्जही पातळ होतो. सगळे बरोबर असूनही अगदी बाजूला, म्हणजे कानाच्या रेषेत, आवाज थोडा विस्कटतोच. त्या बाजूचे दोन्ही स्पीकर डोक्याच्या एकाच अंगाला असल्याने कानाला दोहोंच्या मधली जागा नीट धरता येत नाही. पाच स्पीकरच्या पद्धतीचीच ही मर्यादा आहे. त्यासाठी महाग वायर घेऊ नका.

मागे मुठीएवढे स्पीकर आणि क्रॉसओव्हर (ज्याखालचा खर्ज सबवूफरकडे, म्हणजे खर्जाच्या वेगळ्या स्पीकरकडे, वळतो ती सीमा) १५० हर्ट्झवर, असे सेट सर्रास मिळतात. त्यांत मागच्या ढोलाची थाप मागून येते आणि दणका पुढच्या सबवूफरमधून. एका वाद्याची दोन होतात. ८० हर्ट्झपर्यंत उतरणारे आणि शक्यतो पाचही एकाच जातीचे स्पीकर घ्या. सबवूफर फारसा दणकत नसेल तर बिघाड समजू नका. अशा बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये त्याचा वेगळा ट्रॅक रिकामाच असतो.

सुपर ऑडिओ सीडी (पाच चॅनेलचे ध्वनिमुद्रणही सामावू शकणारी तबकडी) ‘हायब्रिड’ असेल तर साध्या सीडी प्लेअरवर वाजते, पण स्टिरिओतच. पाच चॅनेल हवे असतील तर ती वाचणारा प्लेअर हवा, मेनूत ‘मल्टी’ निवडायला हवे आणि जोडणी एचडीएमआयने किंवा सहा अॅनालॉग वायरींनी हवी. ऑप्टिकल केबलमधून ते जात नाहीत. रिसीव्हरचे ‘हॉल’, ‘स्टेडियम’ वगैरे मोड बंद. ‘प्युअर डायरेक्ट’ लावण्याचा मोह होतो, पण अनेक रिसीव्हर त्यात डिस्टन्स आणि क्रॉसओव्हर दोन्ही वगळतात, आणि टेपने केलेली मेहनत वाया जाते. त्यापेक्षा प्लेअरमधूनच पीसीएम (रिसीव्हरला या सेटिंग लावता येतील असे डिजिटल रूप) पाठवा.

इटालियन संगीतकार लुइजी नोनोचा ‘प्रोमेतेओ’ (१९८४) लावणार असाल तर पंखा बंद करा. त्यात कितीतरी वेळ आवाज जेमतेम ऐकू येईल इतकाच असतो. तो वाढवू नका, कारण पुढे उसळीही आहे. ‘नाइट मोड’ तर नकोच. तो लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणतो. शेजाऱ्यांची चिंता असेल तर दुपारी ऐका.

— एक वाचक, पुणे