नानकटाईची स्कॉटिश बहीण

महोदय,

स्कॉटलंडमध्ये दिवाळीच्या फराळात इथल्या मिठाईचा मेळ घालताना केवळ सजावटीकडे न पाहता पदार्थाची जात ओळखावी, असे वाटते. एक भाग साखर, दोन भाग लोणी आणि तीन भाग मैदा हे शॉर्टब्रेड या स्कॉटिश बिस्किटाचे जुने प्रमाण नानकटाईच्या इतके जवळचे आहे, की वेलचीपूड त्यात सहज सामावते. साखर, लोणी व आटवलेले गोड दूध उकळून, आचेवरून उतरवल्यावर रवाळ होईपर्यंत घोटलेली ‘टॅब्लेट’ तर आपली वडीच. तिला केशर-पिस्ते शोभतात. मात्र आम्ही क्रॅनाकनमध्ये, म्हणजे फेटलेले क्रीम, भाजलेले ओट्स व व्हिस्कीच्या इथल्या गोड पदार्थात, गुलाबजाम घातले, तेव्हा पाकामुळे त्यातले ओट्स पार मऊ पडले आणि व्हिस्कीच्या वासाने सासूबाईंनी वाटी तशीच बाजूला सारली.

– एक वाचक, एडिंबरा