साहेबांच्या खिळ्याला आप्पांचा पाय

मामा, नमस्कार.

कामातून मान वर करायला तुम्हाला सवड नसते. नातवाकडून वाचून घ्या.

आप्पांच्या उजव्या पायाचा अंगठा पॉवर टिलरमध्ये गेला, त्याला दीड वर्ष झालं. जखम भरली, पण चप्पल गेली ती गेलीच. जन्मभर कोल्हापुरी घातलेला माणूस, आणि कोल्हापुरीचा सगळा भार अंगठ्यावर. दोन पावलं टाकली की पायताण मागंच राहायचं. रबरी सपाता घालून ते उंबऱ्याबाहेर पडेनात. भावकीतल्या लग्नालाही आले नाहीत.

चार दुकानं फिरलो. एका चकाचक शोरूममधला पोरगा "नंबर सांगा" याच्यापुढं सरकेना. दुसऱ्यानं आप्पांच्या देखत सल्ला दिला, "बूट-मोजे घ्या, कुणाला दिसायचं नाही." परतीच्या एसटीत आप्पा गाव येईपर्यंत बोलले नाहीत.

तुमच्याकडं साहेबांच्या चपला होतात हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक, म्हणून मी बिचकतच आलो. त्यांची जोडी तुमच्यासमोर अर्धी शिवलेली, त्यांचा माणूस बाहेर गाडीत ताटकळलेला. तुम्ही ती जोडी बाजूला सारलीत, आरी खाली ठेवलीत. "बसा आप्पा. पाय मोकळा सोडा."

दोन पायांना दोन कागद. पेन्सिल बोटाबोटांतून फिरली, अंगठ्याच्या रिकाम्या जागेपाशी आली आणि तशीच वळली. कसं झालं, कधी झालं, काही विचारलं नाहीत. अरेरे नाही की च्च नाही. मग कागद कापून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेत. त्याच खिळ्याला आधीचा एक कागद होता, वर बॉलपेननं 'साहेब'. आमच्या कागदावर लिहिलंत, 'आप्पा'.

मामा, त्या खिळ्यासाठी हे पत्र.

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानला कोल्हापुरीसारखीच चप्पल रॅम्पवर फिरवली, कोल्हापूरचं नावही न घेता. तेव्हा आम्ही सगळे तावातावानं बोललो. 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा दर्जा, मिळालाय, शाहू महाराजांनी जपलेला धंदा आहे, असं काय काय. पण हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं वादीनं शिवणारा माणूस कोण, हे मी त्याआधी एकदाही विचारलं नव्हतं. भाव मात्र दर वेळी पाडून घेतला.

आणि एक. तुमच्या भिंतीवर साहेबांबरोबरचा फोटो नाही. आमच्या फाट्यावर त्यांनी एकदा चहा घेतला, त्या टपरीत चार आहेत.

जोडी मिळाली. पट्टा जरा मागं, आणि अंगठा दुसऱ्या बोटाला. त्या वादीला अजूनही अंगठाच म्हणायचं, याचं आप्पांना फार हसू आलं. दीड वर्षात पहिल्यांदा. करकर तेवढी त्यांनी तुमच्याकडून मुद्दाम मागून घेतली होती. आता सकाळी डेअरीला दूध घालायला जाताना वाकडी वाट करून चुलत्यांच्या दारावरून जातात. ऐकू गेलं पाहिजे ना!

तुमचा,
आप्पांचा थोरला