कोची ते मालदीव : आधी पोहोचण्याची वेळ ठरवा

संपादक महोदय,

शिडाच्या नौकेने कोचीहून मालदीवला जाण्याविषयी रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. खान्देशातून समुद्र दूर असला तरी पोरांना त्याची ओढ आहे, म्हणूनच लेखातल्या दोन गोष्टी खोडून काढणं भाग आहे. एक, ‘दिवाळीच्या सुट्टीत निघा’. दुसरी, ‘अडीच दिवसांत आरामात पोहोचता’.

दिवाळीचं आधी सांगतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा काळ. २०१७ मध्ये ‘ओखी’ नोव्हेंबरअखेरीस कन्याकुमारीच्या दक्षिणेकडून लक्षद्वीपकडे गेलं, म्हणजे याच पट्ट्यातून. जानेवारी ते मार्च हेच खरे दिवस. तेव्हा वारा उत्तरेकडचा आणि बऱ्याचदा मंद असतो, शीड नुसतं फडफडतं. म्हणून डिझेल सगळ्या वाटेचं धरूनच निघावं.

आता अडीच दिवस. किती वेळ लागतो यापेक्षा कोणत्या वेळी पोहोचता हे महत्त्वाचं. कोची ते उलिगमू, म्हणजे मालदीवच्या उत्तर टोकाकडचं प्रवेशबंदर, सरळ रेषेत साधारण २६० सागरी मैल. पहाटे सहाला निघालात आणि ५ नॉटचा (ताशी ५ सागरी मैल) वेग राहिला तर ५२ तास, म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी दहा. ६ नॉटने गेलात तर त्याच दिवशी मध्यरात्रीनंतर एक-दीडला पोहोचाल, ४ नॉटने रात्री अकराला. या तिन्हींत फक्त पहिली वेळ कामाची. प्रवाळाचे खडक पाण्याच्या रंगावरून ओळखायचे असतात आणि त्याला ऊन डोक्यावर किंवा पाठीशी लागतं. चार्टप्लॉटरच्या, म्हणजे पडद्यावरच्या नकाशाच्या भरवशावर रात्री खडकांत शिरणं म्हणजे नौका घालवणं.

लवकर पोहोचलो तर बाहेर थांबू, असं म्हणणाऱ्यांनी पुढचा हिशेब करावा. पुढचं शीड उलट्या बाजूला ताणून, सुकाणू वाऱ्याकडे वळवून बांधलं की नौका जवळपास जागीच डुलत राहते. जवळपास, पूर्ण नाही. वाऱ्याने ती दक्षिणेला सरकते, आणि या दिवसांत तिथला प्रवाह पश्चिमेला वाहतो. ईशान्येकडून येणाऱ्या नौकेला दोन्ही मिळून नेमके खडकांकडेच ढकलतात. दोन्हींचे मिळून ताशी दीड मैल धरले तरी आठ तासांत १२ मैल. थांबायचंच तर २० मैल अलीकडे थांबा. त्याहून बरं, पहिल्या दिवसापासून शीड थोडं गुंडाळून, लहान करून वेग पाचावर धरा.

वारही बघा. मालदीवमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी पोहोचलात तर कस्टम आणि इमिग्रेशनसाठी पिवळा झेंडा लावून ताटकळत बसावं लागेल. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे.

पहाटेच का निघायचं? केरळच्या किनाऱ्यालगत मच्छीमारांच्या होड्या आणि जाळी दाट असतात, कित्येकांवर धड दिवा नसतो. तो पट्टा उजेडात ओलांडावा. नौकेच्या पंख्यात जाळं अडकलं की इंजिन गेलंच समजा. दुसरी रात्र त्याहून अवघड, कारण तेव्हा आठ अंशांची खाडी, म्हणजे लक्षद्वीपचं मिनिकॉय बेट आणि मालदीव यांच्यामधला समुद्राचा पट्टा, येते. सुएझकडून श्रीलंकेकडे जाणारी मोठी जहाजं तिथूनच जातात. नियमाने मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा सहा मैलांवरून दिसायला हवा. १८ नॉटने येणाऱ्या जहाजाला ते अंतर वीस मिनिटांचं. म्हणून दर दहा मिनिटांनी चौफेर नजर टाकायचीच, एआयएस (आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारं यंत्र) असलं तरी. तिघं असतील तर तीन तास पहारा, सहा तास झोप.

डिझेलचा घोटाळा सांगतो. बंदरात टाकीच्या तळाशी बसलेला गाळ लाटांनी ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं, तेही नेमकं गरजेच्या वेळी. चार फिल्टर, एक इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं चाक), इंजिनचा एक पट्टा जवळ ठेवा. फिल्टर बदलला की नळीतली हवा काढावी लागते : फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहा, बुडबुडे थांबले की आवळा. हे बंदरातच एकदा करून बघा. ताशी तीन लिटर धरले तर ५२ तासांना १५६ लिटर, २०० घ्या. तिघांना पिण्याचं पाणी रोज माणशी चार लिटर, सहा दिवसांचं ७२ लिटर, टाकीपासून वेगळ्या कॅनमध्ये. मे महिन्यातलं भुसावळ सोसलेल्याला हे जास्त सांगायला नको.

बोट लागते त्यांनी गोळी आदल्या रात्रीच घ्यावी. खायला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बिबडे. जळगावची केळी न्यायची तर पूर्ण हिरवी न्या, आणि अख्खा घड नको, एक फणी पुरे; बंद केबिनच्या उकाड्यात सगळी एकाच दिवशी पिकतात आणि शेजारची फळंही पिकवतात.

कागदांत कोचीच्या कस्टमचं पोर्ट क्लिअरन्स, म्हणजे बंदर सोडण्याची परवानगी, सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या बंदरात आधी तेच मागतात. दारू आणि डुकराचं मांस मालदीवमध्ये नेता येत नाही. ‘वाटेत मिनिकॉयला थांबू’ हा लेखातला सल्लाही चुकीचा. ते सरळ रेषेच्या सत्तरेक मैल पश्चिमेला आहे आणि लक्षद्वीपला आपल्यालाही परवाना लागतो. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे. त्याऐवजी नोंदणी केलेला ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारा यंत्रसंच, ठेवा. निघण्याची व पोहोचण्याची वेळ घरी लिहून द्या आणि शेजारी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक.

– एक निवृत्त दर्यावर्दी, रावेर (जि. जळगाव)