ठाकुमाला 'बांगलादेशी' म्हणालास म्हणून

बेटा,

परवा कलकत्त्याहून फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, "आई, आपल्याकडचे ते बांगलादेशी बोलतात ना, तशीच आहे इथली भाषा, मला अर्धी समजते." मी तेव्हा काही बोलले नाही, गॅसवर भाजी होती आणि तुला पण मेट्रो पकडायची होती. पण रात्रभर ते एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं म्हणून आज दुपारी टाइप करायला बसले, लांबलं तर लांबू दे, तू पूर्ण वाच.

बंगाली वस्तीतल्या ठाकुमाच्या, म्हणजे त्यांच्या भाषेत आजीच्या, अंगणात तू वाढलास. मी लसीकरणाला दुसऱ्या गावी गेले की तुला तिच्याकडे सोडून जायची, तिच्या हातचा माशाचा झोल आणि भात खाऊन तू तिथेच चटईवर झोपायचास. ती बांगलादेशी नाही रे. तिने घर सोडलं १९६४ साली आणि बांगलादेश झाला १९७१ ला. ज्या देशात ती एक दिवस राहिली नाही त्याचं नाव तिला आपण कसं लावतो? इथे सगळेच लावतात, बाजारात लावतात, कागदपत्रं करायला गेलं की लावतात, तिच्या नातवाला शाळेत पोरं तसंच चिडवायची. तू तरी नको लावू.

तिला कुणी देश विचारला की ती नदीचं नाव सांगते. रूपसा. त्यांच्यात 'देश' म्हणजे भारत-पाकिस्तान नव्हे, आपण मुंबई-पुण्यात कुणी भेटलं की "गाव कोणतं तुमचं?" विचारतो ना, तसं ते "देश कोथाय?" विचारतात. ठाकुमाचा देश म्हणजे पूर्व बंगालातल्या खुलना जिल्ह्यातलं रूपसेकाठचं गाव, सुपारीची झाडं, दारात होडी. आपल्या गडचिरोलीतल्या चामोर्शीत येऊन साठ वर्षं होत आली तरी देश विचारला की ती रूपसाच म्हणते.

तुझ्या ऑफिसातल्या कुणीतरी तुला 'बर्गी' म्हटलं आणि सगळे हसले, तुला अर्थ कळला नाही म्हणालास. मला तो असा कळला की मी नवीन नवीन नोकरीला लागले होते, लसीचा निळा डबा घेऊन त्यांच्या वस्तीत गेले, ठाकुमा तिच्या पोरीला झोपवून राहिली होती आणि गाण्यात बर्गी, बर्गी येत होतं. मी विचारलं, बर्गी म्हणजे काय हो? तर तिने गाणं थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तुमी." म्हणजे आपण, मराठी माणसं. बारगीर हा आपलाच शब्द, सरकारी घोड्यावरचा स्वार. १७४१ ते १७५१ अशी दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या, नागपूर म्हणजे आपलं नागपूर बेटा, गावंच्या गावं लुटली, जाळली, शेवटी नवाब अलिवर्दी खानाने ओरिसा आणि वर्षाला १२ लाख चौथाई देऊन तह केला. आपण शाळेत अटकेपार झेंडे शिकतो, हे शिकत नाही. तिकडे आया अजून पोरांना आपल्या नावाने भीती घालतात. कलकत्त्याला तेव्हा आपल्या भीतीने खंदक खणला होता, मराठा डिच, तो पुढे बुजवून सर्क्युलर रोड केला, आणि तोच रस्ता आज सियालदा स्टेशनासमोरून जातो. सियालदाचं मी पुढे सांगते.

बर्गी थांबले त्याला सहा वर्षं होत नाहीत तोच १७५७ ची प्लासी. नवाब सिराजउद्दौला हरला, मीर जाफर फुटला, एवढं तुला माहीत आहे. खरं नुकसान १७६५ मध्ये झालं, कंपनीला दिवाणी मिळाली, म्हणजे सारावसुली. पाचच वर्षांत, १७७० ला, दुष्काळ पडला तर वसुली थांबली नाही, बंगालातला अंदाजे तिसरा हिस्सा माणूस मेला असं इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. मग १७९३ ला कॉर्नवॉलिसने कायमधारा आणला, जमीनदाराने ठरलेल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पैसा भरायचा नाहीतर जमीन लिलावात. तो पैसा कुळाकडूनच निघणार ना. जमीनदार राहायचे कलकत्त्यात, बहुतेक उच्चवर्णीय हिंदू, आणि पूर्वेकडे चिखलात राबणारी कुळं मुसलमान, नाहीतर ठाकुमासारखी नमशूद्र, म्हणजे बंगालातल्या एका दलित जातीची. हे नीट लक्षात ठेव, कारण पुढे सगळे म्हणतात इंग्रजांनी फोडलं, इंग्रजांनी फोडलं. त्यांनी फोडलंच, पण जिथे आधीच तडा होता तिथेच पाचर मारली. ठाकुमाच्या आजोबांना जमीनदाराच्या ओसरीवर बसू देत नव्हते, हे तिने मला स्वतः सांगितलंय.

तडा कुठे आहे ते इंग्रजांना बरोबर माहीत होतं. १९०४ मध्ये रिस्ली नावाच्या अधिकाऱ्याने फाइलवर स्पष्ट लिहिलं की एकसंध बंगाल ही एक ताकद आहे, तोडला तर तो वेगवेगळ्या दिशांना ओढेल. १६ ऑक्टोबर १९०५ ला कर्झनने तोडला. ढाक्याकडच्या नव्या प्रांतात ३ कोटी १० लाख लोक, त्यातले १ कोटी ८० लाख मुसलमान. त्या दिवशी कलकत्त्यात चुली पेटल्या नाहीत, रवींद्रनाथ ठाकूर रस्त्यात उतरून हिंदू-मुसलमान सगळ्यांना राख्या बांधत फिरले. आपल्याकडे पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली ती याच वेळी. टिळकांनी वंगभंगाची चळवळ उचलून धरली, १९०६ ला शिवाजी उत्सवाला कलकत्त्याला गेले, बघ, ज्या शहराने आपल्या भीतीने खंदक खणला तिथे शिवाजी महाराजांचा उत्सव! त्यात मोठा वाटा सखाराम गणेश देऊस्करांचा, मराठी घरातला माणूस, जन्म देवघरचा, आयुष्यभर बंगालीत लिहिलं, इंग्रज देश कसा लुटतात ते आकड्यांसकट मांडणारं 'देशेर कथा' लिहिलं, इंग्रजांनी १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. टिळकांना मंडालेला सहा वर्षं पाठवलं ते खुदीरामच्या मुझफ्फरपूरच्या बॉम्बवर केसरीत लिहिलं म्हणून. उद्या कुणी पुन्हा बर्गी म्हटलं तर चिडू नको, हो म्हण, आणि मग देऊस्करांचं सांग.

१९११ ला ती फाळणी रद्द झाली, पण राजधानी दिल्लीला नेली आणि मधल्या काळात १९०६ ला ढाक्यातच मुस्लिम लीग निघाली. पूर्वेच्या गरीब मुसलमानाला ढाका राजधानी म्हणून हवीच होती, आणि स्वदेशी कापड महाग पडायचं म्हणून तो आणि नमशूद्र दोघंही त्या चळवळीपासून लांबच राहिले. त्यांचं दुःख कुणी विचारात घेतलं नाही बेटा.

१९४३ चं लिहिताना माझा हात थांबतो. जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, आता ते बंगालात येतील म्हणून सरकारने किनाऱ्याकडच्या १० पेक्षा जास्त माणसं बसतील अशा सगळ्या बोटी ताब्यात घेतल्या नाहीतर मोडून टाकल्या. खुलन्यासारख्या नद्यांच्या मुलखात बोट नाही म्हणजे बाजार नाही, मासा नाही, शेतावर जाणं नाही. तांदूळ लष्कराकडे आणि साठेबाजांकडे, भाव आभाळाला. अंदाजे ३० लाख माणसं मेली, आणि त्या वर्षी पीक काही अगदीच बुडालं नव्हतं. ठाकुमा तेव्हा तीन वर्षांची होती, ती आईकडून ऐकलेलं सांगते. दारात येणारे लोक भात मागायचे नाहीत, भात कोण देणार, ते 'फॅन' मागायचे. फॅन म्हणजे भात शिजल्यावर वरचं पाणी काढतो ना, आपण गाईच्या घमेल्यात ओततो, ते. म्हणून ती आजही ते पाणी फेकत नाही, मीठ घालून पिते. तुला पण पाजायची, आठवतं?

तीनच वर्षांनी १६ ऑगस्ट १९४६ ला कलकत्ता हिंदू-मुसलमान दंगलीत पेटलं, चार दिवसांत हजारो मेले, मग ऑक्टोबरात नोआखाली, गांधीजी तिथे अनवाणी गावोगाव फिरले. त्याच वर्षी आपल्या बाबासाहेबांना मुंबईतून घटना समितीत जाता आलं नाही तर त्यांना निवडून दिलं बंगालने, जोगेंद्रनाथ मंडल या नमशूद्र नेत्याने मतं जमवली, म्हणजे ठाकुमाच्याच माणसांनी. फाळणीने ती जागा गेली, मग बाबासाहेब मुंबईतून आले. ठाकुमाच्या घरात त्यांच्या मतुआ पंथाच्या हरिचांद ठाकुरांच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे तो तू लहानपणापासून बघतोस, तो का आहे हे कधी विचारलं नाहीस. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, दलितांना तिथे न्याय मिळेल म्हणून गेले, १९५० ला राजीनामा देऊन परत आले. आणि या लोकांची जात बंगालात अनुसूचित आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही, त्यामुळे ठाकुमाचा नातू ओपनमध्ये फॉर्म भरून राहिला.

१९४७ ला सुभाषबाबूंचे भाऊ सरत बोस आणि मुस्लिम लीगचे सुऱ्हावर्दी म्हणत होते की बंगाल अखंड, वेगळा ठेवा. ते कुणी ऐकलं नाही. २० जूनला विधानसभेत मतदान झालं, पश्चिमेच्या आमदारांनी ५८ विरुद्ध २१ अशी फाळणी मागितली, पूर्वेच्यांनी १०६ विरुद्ध ३५ अशी नाकारली. कायदा असा की एका बाजूने हो म्हटलं तरी पुरे. रेषा काढायला रॅडक्लिफ नावाचा वकील जुलैत लंडनहून आला, भारत कधी बघितलेला नाही, हातात पाच आठवडे आणि पंजाब पण त्यालाच. ताग पिकायचा पूर्वेला, तागाच्या गिरण्या सगळ्या हुगळीकाठी. शेत एका देशात, गिरणी दुसऱ्या देशात.

आणि रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला. स्वातंत्र्य आधी, सीमा नंतर. खुलन्यात हिंदू थोडेसे जास्त होते म्हणून सगळे धरून चालले की आपण भारतात. १५ ऑगस्टला खुलन्यात तिरंगा लागला. ठाकुमा सात वर्षांची, तिच्या बापाने तिला खांद्यावर बसवून झेंडा दाखवायला नेलं, कुणीतरी बत्तासे वाटले, ते तिने मुठीत धरले तर घामाने चिकट झाले, बापाच्या केसांना लागले. एवढं तिला आठवतं. तिकडे मुर्शिदाबादेत मुसलमान जास्त म्हणून पाकिस्तानचा झेंडा लागला होता. १७ ला कळलं की उलटं आहे, मुर्शिदाबाद भारतात, खुलना पाकिस्तानात. कलकत्ता बंदराला पाणी देणारी नदी मुर्शिदाबादेतून येते म्हणून तसं केलं म्हणतात. तिचा बाप मात्र मरेपर्यंत म्हणायचा, आम्ही तीन दिवस भारतात होतो.

तरी ते राहिले. जमीन, झाडं, नदी सोडून कोण निघतं? डिसेंबर १९६३ मध्ये काश्मीरच्या हजरतबल दर्ग्यातला, पैगंबरांचा मानतात तो पवित्र केस नाहीसा झाला आणि जानेवारीत दंगल पेटली खुलन्यात, त्याचा सूड कलकत्त्यातल्या मुसलमानांवर निघाला, तेही घरं सोडून पूर्वेला गेले. कुठे श्रीनगर, कुठे रूपसा. ठाकुमा नवऱ्यासोबत रात्री होडीने निघाली, सियालदाच्या फलाटावर तीन रात्री काढल्या, तिथून रायपूरजवळच्या निर्वासितांच्या माना कॅम्पमध्ये तंबूत, मग तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आपल्या चामोर्शीकडे, जंगल तोडा आणि शेती करा. पाण्यातल्या माणसांना कोरड्या जमिनीवर आणून टाकलं तर त्यांनी तळी खणली, आज आपण खातो ते मासे त्या तळ्यांतले.

काल संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते, तू कलकत्त्याला आहेस सांगितलं तर उठून बसली. सियालदाच्या फलाटाशी एक नळ होता, मोठी रांग लागायची, गाडी सुटायची गडबड झाली आणि तिचा पितळी तांब्या त्या नळाखालीच राहिला, त्यावर तिच्या आईचं नाव कोरलेलं होतं. तांब्या आता मिळणार नाही हे तिला पण कळतं, पण नळ आहे का ते बघायला सांग म्हणाली. रविवारी जा, जुना नळ कुठे दिसला तर फोटो काढ, नाहीच दिसला तर फलाटाचाच पाठव. आणि तिला फोन कर, बंगालीत बोल तिच्याशी, आता अर्धी येते ना तुला.

तुझी,
आई