टाच, चवडा आणि वा

सोलापूर
रविवार, दुपार

प्रिय सच्या,

काय बे, परवा फोनवर तू विचारलास की साडेनऊ हजार रुपये गिटारच्या एका वा पेडलला घातलास, तुझ्या मल्टीइफेक्टमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकाच खोक्यात असलेल्या त्या पेडलमध्ये, वा नव्हता का, आणि मी नुसतं "ऐकशील तेव्हा कळेल" म्हणून फोन ठेवला. ते चुकलंच माझं. तू आपल्या बँडचा माणूस, तुला तरी नीट सांगायला पाहिजे. म्हणून आज जेवण झाल्यावर बसलोय लिहायला, मेसेजमध्ये मावणार नाही हे.

मल्टीमध्ये वा होता की, चांगले सहा-सात प्रकारचे होते, प्रत्येकाला वेगळं नाव. दोन वर्षं वाजवलं मी ते आणि दोन वर्षांत एकदाही असं झालं नाही की वाजवताना पाय आपोआप हलला. हा नवा, म्हणजे सेकंडहँडच, मुंबईच्या एका वादकाकडून घेतलेला, साठच्या दशकातल्या जुन्या सर्किटवर बनवलेला. पार्सल उघडलं तर एक जड लोखंडासारखा बूट. दिवा नाही, नॉब नाही, स्क्रीन नाही. एक वायर आत, एक बाहेर, पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, आणि चवड्याखाली एक स्विच, तो जोर देऊन दाबला की खट्ट होतं. चालू आहे की बंद आहे ते डोळ्याला कळत नाही, कानालाच कळतं. मला हे लगेच आवडलं.

आता एक कर. पत्र वाचता वाचता "ऊ" म्हण, आणि आवाज न तोडता हळूहळू "आ" वर जा. खरंच म्हण, शेजारी कोण असलं तरी म्हण. ऐकलास? "वा" झालं. तुझा सूर बदलला नाही, गळा तोच, फक्त तोंडातली पोकळी बदलली, ओठ उघडले, आणि त्याच सुरातल्या वेगळ्या भागाला जोर मिळाला. हा पेडल एवढंच करतो. टाच खाली दाबली की गिटारचं तोंड मिटलेलं, ऊ. चवडा खाली गेला की उघडलेलं, आ. मैफलीत आपण ज्याला वा म्हणतो तोच उच्चार, तारेवर. म्हणून तो कानाला इफेक्ट वाटत नाही रे, गिटार आपल्याशी बोलतीय असं वाटतं.

तुला माहितीय मला उघडून बघितल्याशिवाय झोप येत नाही. खालचे चार स्क्रू काढले. आत दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, एक कॉइल, आणि एक पॉट, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तसला फिरता रेझिस्टर. पायाखालच्या पट्टीला दात आहेत आणि पॉटच्या दांड्यावर छोटं चाक, पट्टी खालीवर झाली की चाक फिरतं. बास. सगळा खेळ त्या कॉइलचा. ती साधारण ५०० मिलीहेन्रीची असते आणि तिच्या जोडीला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोघांचं गणित मांडलं तर सव्वादोन हजार हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा येतो, म्हणजे तिथले सूर फुगतात आणि बाकीचे दबतात. पाय मागे घेतला की दुसरा ट्रान्झिस्टर त्याच छोट्या कपॅसिटरला असा वागवतो की जणू तो कितीतरी पट मोठा झालाय, आणि उंचवटा सरकत सरकत चारशेच्या जवळपास खाली येतो. एवढ्याशा सामानात एक टेकडी जागची हलते बे! मी वहीत गणित तीनदा करून बघितलं आणि तिन्ही वेळा मला तितकंच भारी वाटलं.

आणि ही टेकडी सारख्या वेगाने सरकत नाही. जुन्या पॉटची घडण अशी की पाय टाचेकडे किंवा पार पुढे असताना फरक कमी पडतो आणि मधल्या इंचभर जागेत सगळं घडतं. माझ्या मल्टीमधल्या वाला हे जमत नव्हतं, तिथे पाय जितका जाईल तितका आवाज, शिडीसारखा. इथे मधल्या जागेत पाय नुसता श्वास घेतल्यासारखा हलला तरी सूर वळतो. माणसं बोलताना तोंड कुठे पूर्ण मिटतात आणि पूर्ण उघडतात, मधल्यामधेच तर सगळं बोलणं चालतं.

याचा जन्म कसा झाला ते तर तुला सांगायलाच पाहिजे, कारण त्यात ट्रंपेट आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत थॉमस ऑर्गन नावाच्या कंपनीत ब्रॅड प्लंकेट म्हणून एक तरुण इंजिनिअर होता, ही कंपनी तिकडे व्हॉक्स या ब्रिटिश ब्रँडचे गिटारचे अँप बनवायची. अँपवर मधले सूर उचलायचा एक फिरता स्विच होता, तो महाग पडायचा, म्हणून याला सांगितलं की त्याच्या जागी साधा पॉट बसेल असं काहीतरी कर. यानं केलं, पॉट फिरवला, आणि आवाज वा करून उघडला. मग ऑर्गनला जो पायाचा व्हॉल्यूम पेडल असतो त्याच्या खोक्यात हे सर्किट बसवलं. गंमत बघ, कंपनीच्या मोठ्या साहेबांना वाटलं हे फुंकायच्या वाद्यांसाठी आहे, आणि ट्रंपेटच्या तोंडाशी म्यूट, म्हणजे आवाज दाबायचं झाकण, धरून वा-वा काढणारा म्हणून गाजलेला क्लाइड मॅकॉय, त्याचं नाव पेडलला दिलं. पहिल्या पेडलांच्या बुडावर त्याचा फोटो होता, नंतर सही. डेल कॅशर नावाचा गिटारवाला मात्र पहिल्यापासून सांगत होता की ही गिटारची वस्तू आहे. १९६७ मध्ये तो बाजारात आला आणि त्याच वर्षात हेंड्रिक्स आणि क्लॅप्टन, त्या काळचे मोठे रॉक गिटारवाले, दोघांच्याही पायाखाली होता.

तुला आठवतंय का, आपण नववीत असताना नव्या पेठेतनं वरात चालली होती आणि बँडमधले ते म्हातारे ट्रंपेटवाले डाव्या हातात स्टीलची वाटी धरून ट्रंपेटच्या तोंडावर उघडझाप करत होते? आपण वरातीबरोबर पार पार्क चौकापर्यंत चालत गेलो होतो, घरी मार बसला दोघांना. त्या वाटीचाच आवाज आहे हा सच्या. त्या काकांना कुणी मॅकॉय सांगितला नसणार, त्यांचं त्यांनी शोधलं. पेडलच्या बुडाचा तो जुना फोटो बघितला तेव्हा मला पहिले तेच आठवले.

आता अडचणी सांगतो, कारण तू घ्यायचा विचार करलालास असं वाटलं मला बोलण्यावरनं.

पहिली गोष्ट, जुन्या पद्धतीचा स्विच अर्धाच तोडतो. पेडल बंद केला तरी त्याचं तोंड गिटारला लागलेलंच राहतं, आणि ते गिटारचे वरचे सूर खाऊन टाकतं. बंद असताना गिटारवर गोधडी टाकल्यासारखं वाटायचं. पहिल्या आठवड्यात मी अँपला, तारांना, केबलला, सगळ्यांना दोष देऊन झालं. मग अशोक चौकाकडे एक टीव्ही रिपेअरवाले काका आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी आयुष्यात गिटारचा पेडल बघितला नव्हता पण सर्किट दोन मिनिटं बघून म्हणाले, "हा तर जुन्या रेडिओचा नातेवाईक आहे." दुहेरी स्विच बसवला, चार डाग मारले, आता बंद म्हणजे खरंच बंद. दीडशे रुपये घेतले आणि वर पाऊण तास माझ्याकडनं वा-वा ऐकत बसले.

दुसरी अडचण आपल्या गावची. आमच्या गल्लीत मागच्या बाजूला अजून लूम चालतात, सुताची बारीक धूळ घरभर असते, ती पेडलच्या दातांमध्ये आणि पॉटमध्ये जाऊन बसते आणि मग पाय हलवला की खर्र खर्र. क्लीनर मारला की महिनाभर बरं असतं. मी आता वाजवून झालं की आईनं शिवून दिलेल्या खोळीत घालून ठेवतो. पॉट झिजला तर बदलावाच लागणार, पण बदलताना वा पेडलचाच पॉट घ्यायचा, साधा व्हॉल्यूमचा बसवला तर ती मधली इंचभर जागा गेलीच म्हणून समज.

आणि आता जे सांगायला एवढं लांबड लावलंय ते.

पेडल चांगला, स्विच दुरुस्त, तरी माझं वाजवणं भिकार होत होतं. ताल गिटारमध्ये असायचा आणि पाय भलतीकडेच. १९७१ च्या "शाफ्ट" सिनेमाच्या गाण्याचं ते सुरुवातीचं वाजवायला घेतलं होतं, गायक आयझॅक हेजच्या मागे चार्ल्स पिट्सची गिटार, तारा जवळजवळ दाबलेल्या, नुसतं चक चिक चक चिक सोळा मात्रांचं, आणि सगळी जान पायात. आठ दिवस झाले, जमेना. पोटरीत गोळे यायला लागले. आई बाहेरच्या खोलीत शिवत होती. तुला माहितीय, वीस वर्षं तिनं शाळेचे युनिफॉर्म शिवले, एप्रिल ते जून रात्री बारापर्यंत मशीन चालायची, आपण बारावीचा अभ्यास त्याच आवाजात केला. ती उठून आली, दारात उभी राहून माझा पाय बघत राहिली आणि म्हणाली, "टाच कुठंय तुझी? नुसत्या चवड्यानं मारलालास. पायडल असं नाही चालत."

मग खुर्ची ओढून बसली, चप्पल काढली आणि पेडलवर पाय ठेवला. मी तार छेडत राहिलो आणि तिनं पाय चालवला. टाच, चवडा, टाच, चवडा. जोर कुठेच नाही, वजन इकडून तिकडे सोडून द्यायचं फक्त. सच्या, मी तुला शपथेवर सांगतो, पहिल्या दहा सेकंदात ते वाजलं. तिला गाणं माहिती नाही, गिटार माहिती नाही, पण वीस वर्षांची सोळा मात्रांची चाल तिच्या घोट्यात आहे. मी वाजवता वाजवता थांबलो कारण मला पुढचं दिसेना. ती म्हणाली, "थांबू नको, टाका तुटतो."

गुडघ्यामुळं तीन वर्षांपूर्वी तिच्या मशीनला मोटर बसवली. तेव्हापासून जुनं पायडल माळ्यावर होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी ते खाली काढलं, पुसलं, तेल घातलं, आणि आता रोज सकाळी दहा मिनिटं गिटार न घेता नुसतं पायडल मारतो. ती बाजूला भाजी निवडत बसते आणि चुकलं की नुसतं "हं" म्हणते. पंधरा दिवसांत जे आलं ते दोन वर्षांत आलं नव्हतं. मल्टीचा पेडल हलका होता, प्लास्टिकचा, त्याला पायाचं वजन घेता येत नव्हतं. याला येतं. म्हणून साडेनऊ हजार.

दुसरं एक हळूहळू कळायला लागलंय, ते म्हणजे न हलवणं. पाय कुठेतरी मध्ये ठेवायचा आणि तिथेच राहू द्यायचा, मग अख्खी सोलो नाकातून बोलल्यासारखी येते, गर्दीतनं वर निघते. तो जर्मन रॉक गिटारवाला मायकल शेंकर, त्याचा आवाज असाच. आपल्या हलगीच्या मागे आणि बेंजोच्या शेजारी गिटार ऐकू येत नाही म्हणून तू नेहमी चिडायचास ना, याच्यावर हाच उपाय आहे असं माझं ठाम मत झालंय. अँपचा आवाज वाढवून काही होत नाही, गिटारला तिची जागा द्यायला लागते.

आता मुद्द्याचं. गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, तू येणारच आहेस, नंदीध्वज बघायला तरी येशीलच. येताना तुझा तो जुना दोन ट्रान्झिस्टरचा फझ, आवाज फाडणारा तो पेडल, घेऊन ये, कपाटात पडून सडलालाय. एक मात्र आहे, वाच्या नंतर तो थेट लावला की वा मरतो, नाहीतर किंचाळतो, कारण तसला फझ मागच्या पेडलमधनं फार ओढतो. काकांशी बोलून ठेवलंय, दोघांच्या मध्ये एका ट्रान्झिस्टरचा छोटा बफर, म्हणजे ती ओढ अडवणारं सर्किट, ते बनवून देणार आहेत, सामान मी आणून दिलंय. नाही जमलं तर फझ आधी आणि वा नंतर असं लावू, आवाज वेगळा येतो, जास्त रानटी, पण पाय तर ऐकू येईल. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गच्चीवर, तू, मी आणि तो ड्रमवाला, त्यालाही सांगितलंय. आई म्हणाली तिला बसायला खुर्ची पाहिजे, पाठीची. ती ऐकायला येतीय की पाय चालवायला हे मी विचारलं नाही.

बॅटरीची पिन गिटारच्या वायरीवर चालते, वायर आत राहिली की पेडल बंद असला तरी बॅटरी संपते. दोन बॅटऱ्या अशाच गेल्या. आता रोज रात्री वायर काढून ठेवतो. तू पण काय काय आणतोस ते आधी फोन कर.

तुझा,
पक्या