साइडपट्टीचेही बघा

महोदय,

इंदूरहून देपालपूरकडच्या गावांत जाणारे कितीतरी रस्ते अजून एकपदरी, जेमतेम ३.७५ मीटरचे आहेत. सोयाबीनच्या हंगामात समोरून भरलेली ट्रॉली आली की दुचाकीवाल्याने रस्त्याच्या खाली उतरायचे. पण डांबराची कड वीतभर उंच आणि खाली भुसभुशीत काळी माती! ट्रॉलीला मागे लाल दिवाही नसतो, ते वेगळेच. या रस्त्यांचे रुंदीकरण ५.५ मीटरचे करा नाहीतर ७ मीटरचे, पण डांबराच्या कडेची मातीची साइडपट्टी मुरूम टाकून, रोलर फिरवून पक्की करा. नुसते डांबर वाढवले तर गाड्या अधिकच सुसाट सुटतील. रस्त्याखालून पाणी जाण्याच्या मोऱ्याही सोबतच रुंद व्हाव्यात. रस्ता ऐसपैस आणि मोरी अरुंद, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

– एक वाचक, इंदूर